शेती खातं की लॅब: एकाच मस्टरवरचे दोन पगार

हातात बी.एस्सी. आहे, वय पंचविशीच्या आत आहे आणि साखर कारखान्यात लागायचं नक्की आहे, तर वाळवा, पलूस, कऱ्हाड या पट्ट्यात तुमच्यापुढं बहुतेक दोन ऑर्डरी येतात. एक लॅब केमिस्टची, दुसरी शेती खात्यात गट ऑफिसला, म्हणजे काही गावांच्या उसाचं काम बघणाऱ्या कारखान्याच्या कचेरीत. मी दोन्ही खात्यांचा पगार घेतलाय, एकाच कारखान्यात, एकाच टाइम ऑफिसच्या मस्टरवर, म्हणजे हजेरीपटावर. कारखान्याचं नाव सांगत नाही, आणि त्यानं तुमच्या निर्णयात फरकही पडू नये. श्रेणी, डीए (महागाई भत्ता), हंगामी आणि हंगामी कायम (दर हंगामाला हक्कानं परत कामावर येणारा) यांतला भेद हे सगळं तुम्हाला ठाऊक आहे असं धरून पुढं जातो. नसेल तर टाइम ऑफिसमधल्या कुणालाही चहा पाजा, तासाभरात कळेल.

वर्षाच्या पगाराची बेरीज करून ठरवणार असाल तर शेती खातं जिंकतं, हे आधीच सांगून टाकतो. पण ते श्रेणीच्या जोरावर जिंकत नाही. दोन्ही ऑर्डरींवरचा मूळ पगार शेजारी शेजारी ठेवला तर फार मोठी तफावत दिसत नाही. माझ्या वेळी तर नव्हतीच म्हणा.

याला कारण आहे. साखर धंद्यातल्या श्रेणींचा सांगाडा जुना आहे. 1957 साली केंद्रानं या धंद्यासाठी वेतन मंडळ नेमलं, आणि अकुशल, अर्धकुशल, कुशल, मग क्लार्कांची वेगळी शिडी, सुपरवायझर लोकांची वेगळी शिडी ही मांडणी तेव्हापासून चालत आली. महाराष्ट्रात त्यावर त्रिपक्षीय समिती बसते. सरकार, कारखानदार आणि कामगार संघटना मिळून पाच वर्षांचा करार करतात. 1 एप्रिल 2019 पासूनच्या कराराला 12 टक्के वाढ मिळाली, 1 एप्रिल 2024 पासूनच्याला 10 टक्के. हा दुसरा ठरेपर्यंत 2025 चा जुलै उजाडला, ही गोष्ट वेगळी. खातं कुठलंही असो, टक्का सगळ्यांना एकच.

टक्का एकच म्हटलं की ऐकायला न्याय्य वाटतं. समजा एकाला 18,000 मिळतात आणि दुसऱ्याला 36,000. दहा टक्क्यांनी पहिल्याचे 1,800 वाढले, दुसऱ्याचे 3,600. दोघांतलं अंतर कालपर्यंत 18,000 होतं, ते आज 19,800 झालं. असे तीनचार करार झाले की एकाच कँटीनमध्ये चहा पिणारी दोन माणसं एकमेकांपासून बरीच लांब जातात, आणि दोघांनीही गेटवर पेढे वाटलेले असतात. मधल्या काळात कुणाचं काम वाढलं आणि कुणाचं संगणकानं निम्म्यावर आणलं, याची त्या टक्क्यात कुठं नोंद नसते. म्हणून पहिल्या ऑर्डरीवरची श्रेणी मन लावून वाचा. पुढं तिलाच गुणत बसायचं असतं.

शिक्षणाचा आणि पगाराचा संबंध तुम्हाला वाटतो तेवढा सरळ नाही, हेही पहिल्याच हंगामात कळतं. आमच्याकडं एक पॅनमन होते, म्हणजे पॅनमध्ये पाक शिजवून साखरेचा दाणा धरवणारे. शाळा फार झालेली नव्हती. पण पॅनमधला माल काचेच्या पट्टीवर घेऊन दिव्यासमोर धरला, अंगठा आणि बोटात त्याची तार ओढून पाहिली, की दाणा किती झाला आणि पॅन कधी सोडायचा हे ते सांगत. लॅबचा आकडा नंतर यायचा आणि बहुतेक वेळा त्यांच्याच बाजूनं यायचा. ते कुशल श्रेणीत आणि मी नवा केमिस्ट. त्यांचा पगार माझ्यापेक्षा जास्त होता आणि तो असायलाच हवा होता. या माणसाला 'वर्कर' म्हणून हाक मारणारे काही पदवीधर मी पाहिलेत. तो विषय इथं नको.

आणि एक गट असा, जो या तक्त्यात कुठंच नाही. ऊस तोडणारा मजूर त्याच गेटातून आत येतो, त्याच काट्यावर गाडी उभी करतो, पण तो मुकादमाचा, म्हणजे टोळी आणणाऱ्या ठेकेदाराचा. त्याला महिन्याचा पगार नाही, टनावर दर. जानेवारी 2024 मध्ये त्या दरात 34 टक्के वाढ झाली. आमच्या 10 टक्क्यांसमोर ती मोठी दिसते. फडात पहाटेपासून नवराबायको मिळून कोयता चालवतात तेव्हा ती किती मोठी हे ज्यानं त्यानं पाहावं. लॅब की शेती हा प्रश्न ज्याला पडतो, तो निदान सावलीत बसून निवडतो आहे, एवढं ध्यानात असू द्या.

बारा महिने आणि पाच महिने

खरा फरक इथं आहे. शेती खात्याला बाराही महिने काम असतं. पावसाळ्यात आडसाली लागणीच्या नोंदी, मग पूर्वहंगामी, मग 'सुरू' लागणीच्या, मग खोडव्याच्या, म्हणजे तोडलेल्या उसाच्या बुडख्यातून फुटलेल्या उसाच्या. बियाणं, खतं, माती परीक्षण, सभासदांच्या शेतावर फेऱ्या. त्यामुळं गट ऑफिसची जागा लवकर कायम होते. वर पेट्रोल भत्ता. लॅबची पहिली ऑर्डर मात्र बहुतेक हंगामी निघते. बॉयलरचं अग्निप्रदीपन झालं, गव्हाणीत मोळी पडली की कामावर, आणि धुराडं थांबलं की घरी. मधल्या काळात रिटेन्शन, म्हणजे बंद काळातला भत्ता, मिळतं, पण ते पगाराचा एक हिस्सा असतं आणि तो हिस्सा श्रेणीप्रमाणे बदलतो. पूर्वी पाच महिने तरी गाळप चालायचं. 2024-25 चा हंगाम कित्येक कारखान्यांत 100 दिवसही पुरला नाही. हंगामी माणसाच्या घरात ही बातमी शेतकऱ्याच्या घराइतकीच झोंबते.

निवृत्तीच्या वेळचा हिशेबही आताच बघून ठेवा. ग्रॅच्युइटीच्या 1972 च्या कायद्यापासून रीत अशी की कायम माणसाला नोकरीच्या प्रत्येक वर्षामागं 15 दिवसांचा पगार, आणि फक्त हंगामापुरतं काम असणाऱ्याला हंगामामागं 7 दिवसांचा. शेवटचा बेसिक आणि डीए मिळून 30,000 आणि नोकरी 30 वर्षं धरली, महिन्याला 26 दिवसांनी भागलं, तर कायमवाल्याला पाच लाख एकोणीस हजारांच्या आसपास मिळतात. हंगामीवाल्याला अडीच लाखांच्या आतच. हा फरक कुणी नोकरी लागताना सांगत नाही. सांगितला तरी त्या वयात ऐकू येत नाही.

पीएफच्या पेन्शनीत मात्र हंगामी माणसाची तेवढी गळचेपी नाही. हंगामी कारखान्यात वर्षातले काही महिनेच काम केलं तरी पेन्शनसाठी ते पूर्ण वर्ष मोजतात. शिवाय पेन्शनसाठी पगार 15,000 पर्यंतच धरला जातो. म्हणजे वाढीव पेन्शनचा पर्याय घेतलेले सोडले, तर चीफ केमिस्ट आणि त्याच्या हाताखालचा जुना क्लार्क निवृत्तीनंतर जवळपास एका रकमेवर येतात. नोकरीभर ज्याच्यावरून मानपान चालला तो फरक बँकेच्या पासबुकात असा विरतो.

एकंदर पैशांत शेती खातं पुढं. हे मान्य करूनच पुढचं वाचा.

तोडीचा फोन

शेती खात्यात असताना माझी तक्रार उन्हाची नव्हती, गाडीवरून फिरण्याची नव्हती, वरिष्ठांचीही नव्हती. तक्रार फोनची होती.

कागदावर तोडीचा कार्यक्रम अगदी स्वच्छ असतो. लागणीची तारीख, जात, आडसाली की खोडवा, यावरून संगणक क्रम लावतो. 86032 या जातीचा आडसाली ऊस आधी, मग पुढचे. प्रत्यक्षात तोडणीची टोळी येते बीड किंवा जतकडून, कधी येतच नाही, कधी उचल घेऊन मधेच दुसऱ्याकडं जाते. एका रानाला रस्ता नाही, दुसऱ्याच्या वाटेत शेजाऱ्यानं पाणी सोडलंय. अवकाळी पाऊस झाला की ट्रॅक्टर आठवडाभर फडाबाहेर. म्हणजे क्रम संगणकाचा, वेळ टोळीची, आणि फोन मात्र गट ऑफिसच्या माणसाला.

फोन करणारा चुकीचा नसतो, हा त्यातला सगळ्यांत अवघड भाग. त्याच्या उसाला तुरा आलेला असतो, वजन घटायची भीती असते, रान मोकळं करून गहू-हरभरा टाकायचा असतो, सोसायटीचं कर्ज भरायचं असतं. टोळीवाले खुशाली, म्हणजे तोडीसाठी वरचे पैसे, मागतात तेही तो तुम्हालाच सांगतो. सकाळी सहाला त्याचा पहिला फोन, "सायेब, आमचा नंबर कधी?" दुपारी मुलाचा. रात्री साडेदहाला त्याच्या मेहुण्याचा, जो तुमच्या आत्याच्या गावचा असतो आणि ओळख तिथूनच काढतो. उत्तर तुमच्याकडं असतंच असं नाही. टोळी पाठवणं तुमच्या हातात नाही, पाऊस नाही, क्रम बदलणं तर नाहीच. ज्या गोष्टीवर आपला काडीचा ताबा नाही तिच्याबद्दल दिवसभर 'बघतो, करतो, उद्या येतीय टोळी' असं बोलत राहायचं, त्याचा तो पगार असतो. माझ्या अनुभवात तरी.

परगावचे फोन मी सोसले. गावचे सोसवेनात. आपल्याच भावकीतल्या माणसाला 'दादा, तुमचा नंबर अजून आठवडाभर नाही' म्हणायचं आणि संध्याकाळी त्याच्याच दारावरून घरी जायचं. क्रमाप्रमाणं त्याची तोड आधी लागली, तर शेजारचा म्हणणार की घरचा आहे म्हणून दिली. आमच्या घरचा ऊस त्या वर्षी मुद्दाम मागं राहिला, नाहीतर चावडीवर चर्चा झाली असती. त्यावर वडील काही बोलले नाहीत. आई मात्र पुष्कळ बोलली. लग्नात जेवायला बसलो तर पंगतीत वाढणारासुद्धा जिलबी हातात धरून तोडीचं विचारायचा. बायको माझा फोन उचलून परस्पर 'ते शेतात गेलेत' म्हणायला शिकली. शेतात असतानाच फोन येतात, हे तिला कोण सांगणार?

आता हिशेब लावा. कायद्याप्रमाणं कामगाराला जादा तासांचे दुप्पट पैसे मिळतात. लॅबमध्ये रिलीव्हर आला नाही आणि तुम्ही पुढची पाळी ओढलीत तर ती मस्टरवर दिसते, आणि मागता येते. रात्री साडेदहाचा फोन कुठल्या मस्टरवर लिहायचा? पेट्रोल भत्त्यात गाडीचं पेट्रोल धरलेलं असतं, तुमचं नाही. बारा महिन्यांच्या पगाराला मी मनातल्या मनात खऱ्या तासांनी भागलं तेव्हा शेती खात्याची आघाडी पुष्कळ उतरली. हे भागाकार माझे आहेत, तुमचे वेगळे येऊ शकतील. ज्याला माणसांत राहायला आवडतं, ज्याची पुढं मागं पंचायत समिती लढवायची इच्छा आहे, त्याला हेच फोन भांडवल वाटतात. आमच्यातल्या एकदोघांना वाटले, आणि त्यांचं बरं चाललंय.

लॅबचा जाच

लॅब म्हणजे आराम, असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. पहाटे 4 ते 12, 12 ते 8, 8 ते पहाटे 4, या पाळ्या फिरत राहतात आणि झोप काही त्यांच्यामागं फिरत नाही. ठरल्या वेळी रसाचा नमुना, ब्रिक्स (रसात विरघळलेले घन पदार्थ), पोल (त्यातली साखर), शुद्धता (या दोघांचं प्रमाण), पीएच, मळीचा नमुना, बगॅसमधली साखर. गंधकाच्या भट्टीकडून वारं आलं की घसा धरतो. पोल काढताना शिशाचा क्षार वापरतात, तो विषारी. हात धुतल्याशिवाय डबा उघडायचा नाही हे मला एका जुन्या लॅब बॉयनं शिकवलं, साहेबांनी नव्हे. जानेवारीत पहाटे 4 ला सुटून दोन्ही बाजूंच्या उसामधून गाडीवर घरी जायचं, तेही शिराळा-कऱ्हाडकडं बिबट्या दिसल्याच्या बातम्या रोज वाचून. आम्ही दोघंतिघं मिळून निघायचो आणि मोठ्यानं बोलत जायचो.

दबाव तिथंही असतो. 2025-26 साठी एफआरपी, म्हणजे उसाला द्यायचा कायदेशीर किमान दर, 10.25 टक्के उताऱ्याला (उसातून निघणाऱ्या साखरेच्या प्रमाणाला) टनामागं 3,550 रुपये आहे, आणि त्यावर उताऱ्यातल्या प्रत्येक दशांशाला साधारण 35 रुपये चढतात. म्हणजे आपण वहीत लिहितो त्या आकड्यावर हजारो सभासदांचा दर टांगलेला असतो. सर्वसाधारण सभेत उताऱ्यावरून खुर्च्या उडताना मी पाहिल्यात. पण ते ओझं चीफ केमिस्टच्या केबिनपर्यंत येऊन थांबतं. पाळी संपली, रजिस्टरवर सही केली, रिलीव्हरच्या हातात दिलं, की तुमच्या घरी येऊन कुणी शुद्धता विचारत नाही. विचारली तरी आत्याच्या गावचा मेहुणा तरी नक्कीच नाही.

दुसरी गोष्ट पुढच्या पगाराची. गट ऑफिसची माहिती त्या गटापुरती असते. कुणाचं रान कुठं, कुणाच्या बांधावरून गाडी जाते, कुठल्या मुकादमाचा शब्द खरा, हे ज्ञान अस्सल आहे, पण दुसऱ्या कारखान्यात त्याला किंमत नाही. प्रोसेसचं काम कुठंही तेच. मांजरीच्या वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटमधून, म्हणजे 1975 साली डेक्कन शुगर इन्स्टिट्यूट म्हणून निघालेल्या संस्थेतून, साखर तंत्रज्ञानाचा डिप्लोमा केलात की लॅब केमिस्टचा मॅन्युफॅक्चरिंग केमिस्ट होतो, पुढं डेप्युटी, पुढं चीफ. पगार तटला, थकला, अध्यक्ष बदलला, तर माणूस कर्नाटकात जातो, काहीजण केनिया-युगांडापर्यंत गेले. सहकारात पगार दोनचार महिने मागं पडणं नवलाचं राहिलेलं नाही. अशा वेळी कारखाना सोडता येणं हीसुद्धा पगारवाढच. मी डिप्लोमा केला आणि पुन्हा लॅबच्याच दारानं आत आलो. श्रेणी खाली आली, घरी कुरबूर झाली, दोन हंगामांनी थांबली.

ऑफिसच्या क्लार्कीबद्दल फार लिहीत नाही. दहा ते सहा, पंखा, आणि वरच्याची बदली किंवा निवृत्ती होईपर्यंत वाट. ज्याला घरची शेती सांभाळायची आहे त्याला ती उत्तम. इंजिनिअरिंगला मात्र एक रस्ता पगारवाढीसाठी सगळ्यांत सरळ आहे, तो बॉयलर अटेंडंटच्या प्रमाणपत्राचा. 1923 चा बॉयलर कायदा जाऊन 2025 चा आला, तरी प्रमाणपत्र असलेला माणूस नसेल तर बॉयलर चालवता येत नाही, हे तसंच राहिलं. दुसऱ्या वर्गाचं मिळवलं, मग पहिल्या वर्गाचं, की त्या कागदाची किंमत कारखान्याला द्यावीच लागते, अध्यक्षांची मर्जी असो वा नसो. आयटीआय झालेल्या धाकट्या भावाला हे जरूर सांगा.

आणि डिस्टिलरीत जागा निघाली असेल तर हा सगळा लेख बाजूला ठेवून आधी तिथं अर्ज करा. मळी साठवता येते, त्यामुळं गाळप थांबल्यावरही ती पुष्कळ महिने चालते, जागा कायम व्हायची शक्यता जास्त, आणि रसायनशास्त्र तुमचंच. लॅबचं स्वास्थ्य आणि शेती खात्याचे बारा महिने एकत्र मिळायची मला माहीत असलेली ती एकच जागा. अडचण एवढीच की ते इतरांनाही माहीत असतं.

ऑर्डर हातात घेण्याआधी टाइम ऑफिसमध्ये तीन गोष्टी तोंडी विचारा आणि शक्य तर कागदावर बघा. हंगामी कायम व्हायला किती हंगाम लागतात, रिटेन्शन या श्रेणीला किती टक्के, आणि सध्या पगार कुठल्या महिन्याचा चाललाय. तिसऱ्या प्रश्नाला समोरचा हसला तर उत्तर मिळालं असं समजा.

एवढं करूनही शेती खात्याकडं मन ओढत असेल, घरी शेती असेल, बी.एस्सी. ॲग्री असेल, तर जा. ती शिडीही शेती अधिकाऱ्यापर्यंत जाते आणि गावात मान लॅबवाल्यापेक्षा जास्त मिळतो. फक्त कामासाठी वेगळा नंबर घ्या आणि घरचा कुणाला देऊ नका. माझा दिलेला नव्हता. तो आठवडाभरात सगळ्या गटात पोचला होता.